मिस्त्रीचा मान

१२ फेब्रुवारी

लेख अडलाय! मासिकाला वीस तारखेला हवा. विषय मीच मागून घेतला — दीडशे वर्षांपूर्वीच्या इटालियन कादंबऱ्यांतली वर चढणारी माणसं. पैसा मिळवतात, मोठ्या घरात सोयरीक करतात, आणि मग त्या घरात त्यांच्याशी कुणी धड बोलत नाही. इतकी वर्षं लिहितेय, तारीख कधी चुकवली नाही. आज एक ओळ होईना.

कालची वास्तुशांत डोळ्यांपुढून हलत नाही.

आमचं हे नवं घर आप्पांनी बांधलं. माझे वडील, विसरवाडीचे गवंडी. आठ महिने रोज बसने नंदुरबारला यायचे. काल पांढरा सदरा घालून व्याह्यांच्या रांगेत बसले होते. गुरुजी ओरडले, "मिस्त्री कुठेत? मिस्त्रींना बोलवा!" आप्पांनी इकडेतिकडे बघितलं, उठले.

"मी शे मिस्त्री."

सासूबाईंनी टॉवेल-टोपी आणि नारळ दिला. फरशीवाल्याला दिला तसाच. व्याह्याचा पोशाख नाहीच! आप्पांनी टोपी तिथल्या तिथे डोक्यावर घातली. नवऱ्याचे साहेब माझ्या शेजारी होते. "काम चोख आहे हो तुमच्या मिस्त्रीचं."

मी म्हणाले, "हो ना."

१३ फेब्रुवारी

गोपाल चिडलाय. "आईला विचारतोच. सासरे आहेत माझे!" नको म्हटलं नवऱ्याला. नव्या घरात कशाला वाद.

१६ फेब्रुवारी

विसरवाडीला जाऊन आले. आई ओट्यावरची खुर्ची पदराने पुसायला लागली. "वर बस, साडी खराब व्हई." शेजारून थंडा मागवला — मला! त्याच ओट्यावर आप्पांच्या घमेल्याशेजारी बसून मी जेवलेय.

वास्तुशांतीचंच बोलायला गेले होते. आप्पाच म्हणाले, "मी काम करं, कामना मान भेटना. तुन्ही सासूले काही बोलू नको, माय." मला अहिराणीत उत्तर द्यायचं होतं. तोंडातून निघालं, "असं नका म्हणू, आप्पा."

ते हसले. "भाषणमा बोलस तशी बोलनी!"

आई हसली नाही.

२० फेब्रुवारी

लेख दिला. वेळेवर.

२३ फेब्रुवारी

संपादकांचा फोन. "कादंबरीतली बापाची लाज वाटणारी ती मुलगी — फार आतून लिहिलंय तुम्ही!" आभार मानले. नंतर बराच वेळ नळ सोडून मोरीत उभी होते.

२५ फेब्रुवारी

सासूबाई कपाट लावत होत्या. कोरं धोतर आणि शर्टपीस काढून माझ्यापुढे धरलं.

"तुझ्या आप्पांसाठी घेतलेलं गं. तू म्हणालीस, व्याही म्हणून सगळ्यांपुढे बोलवू नका, त्यांना संकोच वाटतो. म्हणून राहिलं. किती वाईट दिसलं ते! आता तरी देऊन ये."

हो. असंच म्हणाले होते मी.