तीन नंबरचा सिलिंडर

प्रिय दिपमाला,

पत्र बघून दचकू नकोस, माझी तब्येत ठणठणीत आहे. फोनवर तू 'नाना, बठ्ठं बरं शे' म्हणत सगळं बरं असल्याचं सांगतेस, मी 'जेवलीस का' विचारतो, की संपलं आपलं बोलणं. दोन वर्षं हेच चाललंय. पिंप्राळ्याचं घर तुझी आई गेल्यापासून मोठं वाटत होतंच, तू धुळ्याच्या वर्कशॉपला लागलीस आणि ते खायला उठलं. खिचडी अजून दोघांचीच शिजते. उरलेली सकाळी गरम करून खातो. फार एकटं वाटतं गं. फोनवर हे बोलवत नाही.

जाताना तू गाडीचा बिघाड दाखवणारा तुझा स्कॅनर आपल्या गॅरेजच्या कपाटातच ठेवून गेलीस. सहा महिने मी त्याला हात लावला नाही. मग एका रविवारी चष्मा पुसून बसलो आणि शिकलोच. म्हातारा हट्टी आहे हे तुला सांगायला नको. आता गाडी आली की आधी स्क्रीनवरचा बिघाड वहीत उतरवतो, मगच पाना उचलतो. काम झाल्यावर बिघाडाची नोंद पुसून गाडी गावात आणि हायवेवर फिरवतो. गाडीच्या कॉम्प्युटरनं स्वतःच्या सगळ्या तपासण्या पूर्ण केल्याशिवाय किल्ली देत नाही. इंजिनचा दिवा विझला म्हणजे गाडी दुरुस्त झाली असं नव्हे, हे तू कानीकपाळी ओरडत होतीस.

चुडामणभाऊंच्या गाडीच्या वेळीही ओरडली होतीस. इंजिनातला तीन नंबरचा सिलिंडर मिस मारत होता, मधूनच पेटायचा चुकत होता. मी प्लग बदलला, तू प्लगला ठिणगी पुरवणारी कॉइल बघू म्हणालीस. गिऱ्हाईक घाई करत होतं. मी तुझ्या हातातून स्कॅनर घेतला, नोंद पुसली, दिवा विझला आणि किल्ली देऊन टाकली. भाचीच्या हळदीला निघालेली ती माणसं एरंडोलच्या पुढे भर उन्हात तीन तास अडकली. दुसऱ्या दिवशी भाऊ तणतणत आले तेव्हा सगळ्यांसमोर मी काय म्हणालो, ते तुला आठवत असेल. मशीन पोरीच्या हातात होतं, अजून कच्ची आहे, असं म्हणालो. तू एक शब्दही बोलली नाहीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं.

परवा त्यांचीच गाडी जळगावात बंद पडली आणि नाइलाजानं माझ्याकडे आली. आता दोन नंबर मिस मारत होता. मी दोनची कॉइल चारवर लावून बघितली, तर बिघाडही चारवर गेला. म्हणजे कॉइलच. नवी टाकली. भाऊंना धुळ्याला काम होतं, म्हटलं मीच चालवतो, तपासणीही होईल. पारोळ्यापर्यंत एकूण एक तपासणी पूर्ण झाली, चारही सिलिंडरपुढे मिस शून्य. भाऊ खूश. ही विद्या कुठे शिकलात, विचारलं. मी तुझं नाव घेतलं. तर ते हसून म्हणाले, 'तिना साहेबले मीच सांगेल शे, तिले इंजिनले हात लावू देऊ नका.' तुझ्या साहेबांच्या कानावर त्यांनी हे आधीच घातलं होतं आणि त्यांना वाटलं, त्यांनी भलंच केलं. तेव्हाही माझं तोंड उघडलं नाही, पोरी.

धुळ्यात भाऊ कामाला गेले आणि मी रिक्षा करून तुझ्या वर्कशॉपवर आलो. तू काचेमागे काउंटरवर होतीस. येणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहून घेत होतीस, चहाचे कप बाजूला सारत होतीस. आत तीन बॉनेट उघडी होती आणि तू तिकडे बघतसुद्धा नव्हतीस. मी इकडे लोकांना सांगत फिरतो की माझी मुलगी धुळ्यात इंजिन उघडते. गेटजवळ उभा राहून रडलो. आत यायला तोंड नव्हतं, तसाच मागे फिरलो.

परतीच्या वाटेवर गाडी कडेला घेतली आणि भाऊंना खरं सांगितलं. प्लगचा अंदाज माझा, नोंद पुसणारा मी, पोरीवर ढकलणारा मीच. जळगावला उतरताना ते एवढंच म्हणाले, 'सोमवारी जाऊत. तिना साहेबसमोर हाईच बोलजा.' म्हणून हे पत्र. येत्या सोमवारी अकरा वाजता आम्ही दोघं येतोय. तुझ्या साहेबांसमोर, सगळ्या मिस्त्र्यांसमोर मी हे बोलणार आहे. माझी मान खाली जाईल, आवाजही कापेल बहुतेक. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, म्हणून आधीच विनवतो. मी बोलत असताना मध्ये येऊन मला सांभाळून घेऊ नकोस.

तुझाच,
नाना