अण्णा, त्या गाडीला हॉर्न नव्हता

पालम

प्रिय अण्णा,

तुम्ही होतात तेव्हा तुम्हाला एकही पत्र लिहिलं नाही. गरजच काय होती? एसटीत बसलं की पाथरी! आज लिहितेय, कारण परवा शाळेतल्या मुलींनी मला अडचणीत टाकलं.

शाळेचं हस्तलिखित निघतंय. त्यात शिक्षकांच्या आवडीनिवडी लिहायच्या आहेत. आवडती भाजी झाली, आवडता रंग झाला, आणि नववीतली सविता म्हणाली, "बाई, गेल्या दहा वर्षांतले तुमचे आवडते व्हिडिओ गेम सांगा." सगळा वर्ग हसला. स्टँडमागं गेमचं दुकान निघाल्यापासून या पोरांना वाटतं, गेम त्यांनीच शोधून काढले.

मी तीन गेम सांगितले. घरी येताना लक्षात आलं, तिन्ही गेममध्ये तुम्ही माझ्या शेजारी आहात. आणि तुम्हाला सांगायची एक गोष्ट मी तिन्ही वेळा सांगितलेली नाही.

पहिला गेम आठवतो का तुम्हाला? मी बारावीला होते. मामांनी हैदराबादहून तळहातावर मावेल एवढा गेम आणला होता, घड्याळाच्या सेलवर चालणारा. जळत्या घराच्या खिडकीतून बारकी बारकी माणसं उड्या मारायची आणि खाली दोघांनी झोळी धरून त्यांना झेलायचं. मी दिवसभर त्याच नादात. तुम्ही ड्यूटीवरून आलात, खाकी शर्ट खुंटीला अडकवलात आणि तो गेम उजव्या डोळ्याजवळ धरून पाहिलात.

"ही माणसं का उड्या मारायलीत?"

"घर पेटलंय ना त्यांचं, अण्णा."

तुम्ही गेम माझ्या हातात परत दिलात. "ह्याला खेळ म्हणत्यात व्हय?"

आणि त्या संध्याकाळी तुम्ही पहिल्यांदा सांगितलंत, डावा डोळा कसा गेला ते. सहा वर्षं मला आईनं 'गाडीला अपघात झाला' एवढंच सांगितलं होतं. लहान होते ना मी!

विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला होता ते दिवस. तुम्ही जिंतूरकडून परभणीला गाडी आणत होतात. एका फाट्यावर नऊ माणसं चढली. बाया, लेकरं, एक म्हातारा, हातात सापडेल ते गाठोडं. बौद्धवस्तीतली. त्यांची घरं गावानं जाळली होती. कोसभर पुढं रस्त्यात बैलगाडी आडवी लावलेली आणि पन्नासेक माणसं उभी. त्यातली निम्मी तुमच्या ओळखीची, काही तर आपल्या सोयऱ्यांतली.

"डायवरसाहेब, तेवढ्या नवांना खाली उतरवा अन तुमी खुशाल जावा. तुमी तर आपलेच."

तुम्ही म्हणालात, "त्यांचं तिकीट परभणीचं हाय."

एवढंच म्हणालात. मग गाडी थोडी मागं घेतलीत आणि बैलगाडीच्या कडेनं, दोन चाकं रस्त्याखाली घालून पुढं काढलीत. तेव्हा दगड आला. समोरची काच फुटून डोळ्यात गेली. तरी गाडी थांबवली नाहीत. एका हातानं तोंडावर टॉवेल दाबून परभणीच्या स्टँडापर्यंत आणलीत.

आणि हे ऐकून मी काय म्हणाले, अण्णा?

"मग उतरवायचं ना त्यांना! नऊ माणसं उतरवली असती तर काय बिघडलं असतं? तुमचा डोळा तरी राहिला असता!"

आईचा भाकरी थापणारा हात थांबला.  तुम्ही चपला पायात सरकवल्यात आणि बाहेर गेलात. रागावला असतात, एक थोबाडीत दिली असतीत, तर बरं झालं असतं हो!

मी तसं का बोलले तेही सांगते. सफाई म्हणून नाही. डॉक्टर म्हणाले होते, एका डोळ्याला अंतर कळत नाही, यांना आता गाडी चालवता येणार नाही. मग तुम्हाला कंट्रोलरच्या खिडकीत बसवलं. दुसऱ्यांच्या गाड्यांची नावं तुम्ही भोंग्यावरून पुकारायचात. शाळा सुटल्यावर मी स्टँडवरून यायची तेव्हा तुमचा आवाज ऐकू यायचा, "पाथरी, मानवत, परभणी." आणि गाडी निघाली की तुम्ही खिडकीतून तिच्या चाकांकडे बघत राहायचात. ते मला बघवायचं नाही. पण म्हणून नऊ माणसं! त्यात लेकरं होती, आणि मी हिशोबात धरलीच नाहीत.

दुसरा गेम परभणीच्या उरुसातला. मी तेव्हा तिथं बी.एड. करत होते. तुम्ही दुसरा डोळा तपासायला आला होतात. दुपारी उरुसात गेलो, तर एका तंबूत व्हिडिओ गेम मांडलेले. एकाला खरंखुरं स्टिअरिंग आणि खाली पेडल! तुम्ही तिथंच उभे राहिलात. मी म्हटलं, "बसा अण्णा." तुम्ही म्हणालात, "च्यक्, लोक हसतील."

बसलात. आधी टोपी सारखी केलीत. आणि मग पडद्यावर सुटलेली ती लाल गाडी तुम्ही अशी चालवलीत, की मागची सगळी पोरं खो खो हसायला लागली. वळण आलं की वेग कमी. मागून गाडी आली की बाजूला होऊन तिला वाट. आणि वर विचारता, "हॉर्न कुठंय ह्याला?"

"हॉर्न नसतो चाचा," तंबूवाला म्हणाला. "ठोकत ठोकत जायचं. ठोकलं तरी काय होत नाही."

"असं कसं? मागं माणसं बसल्यात का न्हाई ठाऊक आपल्याला?"

वेळ संपला, गाडी थांबली. तुम्ही चिडलात. "अरे, पोचू तर द्या!" पुन्हा बसलात. तिसऱ्या खेपेला पोचलात, सगळ्यांच्या शेवटी, पण एकदाही न धडकता. मागची पोरं आता हसत नव्हती. एकानं तर टाळी वाजवली.

 बाहेर आल्यावर तुम्ही म्हणालात, "बेबी, तिथं सगळ्यांनाच एक डोळा हाय गं. तो रस्ता सपाटच. तिथं माझ्यात अन त्या पोरांत काय फरक न्हाई."

अकरा वर्षांनी तुमच्या हातात स्टिअरिंग आलं होतं. तेव्हाच 'चुकले' असं बोलायला हवं होतं मी. नाही बोलले. तुमचा आनंद मोडावासा वाटला नाही, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे धीरच झाला नाही.

तिसरा गेम आमच्या पालमच्या घरातला. टीव्हीला जोडायचा, दोघांनी खेळायचा, रणगाड्यांचा. तुम्ही रिटायर होऊन महिना महिना येऊन राहायचात. दुपारी मी शाळेतून आले की आपली मैफल. आपलं विटांचं एक ठाणं, ते शत्रूपासून राखायचं. मी पुढं धावायची, तुम्ही ठाण्यापासून हलायचा नाहीत.

"अण्णा, पुढं या की!"

"तू जा. मी हाय इथं."

एकदा बटणं दाबता दाबता मी म्हणाले, "अण्णा, मी बारावीला असताना तुम्हाला एक बोलले होते..." तुम्ही पडद्यावरची नजर न काढता ओरडलात, "बेबी, डावीकडून आला बघ!" मी वळले, गोळी झाडली, आणि बोलणं राहून गेलं. तुम्हाला खरंच रणगाडा दिसला होता, की मला सोडवलंत? किती वेळा विचार केलाय मी याचा!

दिवाळीनंतर तुम्ही गेलात. जानेवारीत विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागला तेव्हा तुम्ही नव्हतात. ती बातमी ऐकून तुम्ही काय म्हणाला असतात, मला सांगता येत नाही.

तुमच्या तेराव्याला एक बाई आल्या होत्या. दारापाशीच बसल्या. जाताना म्हणाल्या, "मी गयाबाई. त्या गाडीत हुते." परीक्षा संपल्यावर मी परभणीला त्यांचं घर शोधत गेले. तेव्हा कळलं, परभणीला आलात की तुम्ही त्यांच्याकडे चहाला जात होतात. इतकी वर्षं! घरी एका शब्दानं सांगितलं नाहीत. का हो? आम्ही काय म्हणू याची भीती होती का? की मी काय म्हणेन याची?

मी त्यांना माझं ते वाक्य सांगितलं. सगळं, जसं बोलले होते तसं. त्या चुलीपुढं बसल्या होत्या.

"ठाऊक हाय मला," त्या म्हणाल्या. "तुजे अण्णाच बोलले हुते. म्हणले, पोरगी भांडली माझ्याशी. एकीकडं नऊ जीव ठिवले अन एकीकडं बाप, तिला बापच जड वाटला. हसत हुते सांगताना."

"तुम्हाला राग नाही आला माझा?"

त्यांनी भाकरी उलटली. "आला हुता की. लय आला हुता. त्या नवांत माजी लेक हुती, दीड वर्षाची."

त्यांनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"पण तुजा बाप म्हणायचा, येईल ती एक दिवस. आलीस." त्यांनी ताट पुढं सरकवलं. "जेव आता."

मी जेवले, अण्णा. अंबाडीची भाजी होती. पोटभर जेवले. मग त्यांच्याकडून नवांचीही नावं विचारून लिहून घेतली. म्हातारबाबा नंतर वारले. बाकीचे आठ आहेत, आणि ती दीड वर्षाची लेक आता बारावीत शिकते.

आपला मुकुंद आता चार वर्षांचा झालाय. आजोबांना एका डोळ्यानं का दिसत नव्हतं, असं तो अधूनमधून विचारतो. मी शब्द देते तुम्हाला, 'अपघात' म्हणून त्याची बोळवण करणार नाही. समजण्याएवढा झाला की त्याला गयाबाईंच्या घरी नेईन आणि त्यांच्यासमोर बसून सगळं सांगेन. रस्त्यात कोण उभं होतं ते, तुम्ही काय केलंत ते, आणि मी काय बोलले तेही. त्याला माझा राग आला तर येऊ दे.

तुमची,
बेबी