हिरव्या टिंबांचे दिवस

नागपूर, १३ मार्च

प्रिय बाबा,

भिवापूरच्या मेघाताईंना मी सगळं समजावून सांगितलं, असं मागच्या पत्रात लिहिलं होतं. ते खरं नव्हतं. त्यांच्या नवऱ्याला एचआयव्ही आहे, त्यांना नाही. निरोधबद्दल मी बोललेच नाही, कारण आपल्या घरी ते पाप. त्याऐवजी मी समुपदेशन करते त्या मिशन दवाखान्यातल्या सिस्टरांनी छापलेलं कॅलेंडर दिलं. त्यात मूल न राहणाऱ्या दिवसांवर हिरवी टिंबं असतात.

काल त्या हसत आल्या. "ताई, हिरव्या दिवशीच जवळ येऊ देते मी त्यायले."

"पण आजार?"

"काहून जी? लेकरू राहत नाही त्या दिवशी बिमारी कशी लागन?"

आजार कुठल्याही दिवशी लागतो, एवढंच बोलू शकले. निरोधचं नाव तेव्हाही घेतलं नाही. त्यांची कालची तपासणी निगेटिव्ह आली, पण तीन महिन्यांनी पुन्हा करायची आहे.

बाबा, दहा आज्ञा तुम्हीच जेवणाच्या टेबलाशी पाठ करून घेतल्यात. खून करू नको, हेही त्यातच होतं ना? जीव राखायला निरोध वापरला तरी पापच का? फादरना विचारून कळवा. मी मात्र उत्तरासाठी थांबणार नाही.

आईचा गुडघा कसा आहे? मी वेळेवर जेवते, तिला सांगा.

मेघाताई नवऱ्याला घेऊन येणार आहेत. दोघांना समोर बसवून निरोधचं पाकीट मी माझ्या हाताने देईन, येत्या मंगळवारी, १७ मार्चला.

तुमची घाबरट लेक,
प्रिस्का