लाल चिंधीची गाठ

प्रिय धाकट्या,

आज सकाळी उजवा डोळा हाताने झाकला आणि नुसत्या डाव्या डोळ्याने समोरच्या कपाटाच्या दारावरच्या लाकडाच्या रेषा मोजल्या. अकरा भरल्या. मग तुझ्या वहिनीला बोलावून सांगितलं, की तिच्या कानामागे एक केस पांढरा झालाय. ती म्हणाली, एवढंच बघायचं असेल तर डोळा परत झाका. आणि आत जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

तिने तुला फोनवर डोळ्याचं त्रोटक सांगितलं असेल. मी नीट सांगतो, कारण मलाच ते समजायला आठ महिने लागले. डोळ्याचा काळा भाग संपून पांढरा सुरू होतो, त्या कडेला मूळ पेशी असतात. काळ्या भागावरचं पारदर्शक अस्तर झिजेल तसं त्या नवं पुरवतात. कॉस्टिक सोड्याने माझी ती कडच जाळून टाकली. मग मालक नसलेल्या घरात कुणीही घुसावं, तशी पांढऱ्यावरची कातडी आणि लाल शिरा मध्यापर्यंत घुसल्या. दिसायचं ते तेलकट कागदातून बघितल्यासारखं. आणि आग अशी, की उजेड नको आणि माणूसही नको. डॉक्टरबाई मात्र सहा महिने नुसते थेंबच घालत होत्या. मी कुरकुरायचो. त्या म्हणाल्या, इतक्या सुजलेल्या जागेवर काही लावलं तर ते टिकणार नाही. ते लगेच पटलं. वार्निशचा पहिला हात वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही, हे आपल्याला बाबांनी टपल्या मारून शिकवलंय.

मग एके दिवशी चांगल्या डोळ्याच्या कडेवरून त्यांनी तांदळाच्या दाण्याहून लहान तुकडा काढला. त्याचे बारीक बारीक कण केले आणि जखमी डोळ्यावर एक पातळ पडदा पसरून त्यावर ते चिकटवले. तो पडदा कुणा अनोळखी बाईच्या बाळंतपणात वारेबरोबर आलेला, तिने दिलेला. त्यानेही सूज उतरते म्हणे. मी विचारलं, एवढ्याशा चुऱ्याने काय होणार? बाई म्हणाल्या, नवं अस्तर विणणं हे त्या पेशींचं अर्धंच काम. उरलेलं अर्धं म्हणजे आजूबाजूला निरोप धाडायचा, की आता पुरे. पुढे जे बोलल्या ते माझ्या डोक्यातून जात नाही. “जळायचं ते पहिल्या दिवशीच जळलं. तुमचा डोळा अजून त्या दिवसाशी भांडतोय.”

दोन आठवड्यांत अस्तर भरून आलं. लाली मागे सरायला आणखी काही आठवडे गेले. अजून कडेला धुरकट आहे, तसंच राहील कदाचित. पण आग नाही. सकाळी उठल्यावर डोळा आहे हे आठवतसुद्धा नाही, याचं सुख तुला कळायचं नाही आणि कळूही नये.

कारखान्यात यंत्राने दारं रंगवतोस असं ऐकलं. एका दिवसात दोनशे दारं? बाबा असते तर त्यांनी एका तरी दाराला हात लावून बघितला असता आणि तोंड फिरवलं असतं. इथे आपल्या दुकानात तुझा पाट तसाच आहे. समोरचा सुतार त्यावर डबा खायला बसतो, मी उठवतो. नवी गिऱ्हाइकं येतात, जुनी तुझी चौकशी करतात.

त्या दिवशीचं मी तुझ्याशी कधी बोललो नाही. दोन्ही बाटल्या सारख्या, पिळायच्या. एकीत स्पिरिट, दुसरीत जुना रंग उतरवायचं कॉस्टिक, आणि तिच्या मानेला लाल चिंधी. बाबांचा नियम: जो भरेल त्याने बांधायची. कॉस्टिक तू भरलं होतंस. दुपारी मी चिंधी नसलेली बाटली उचलली, स्पिरिट समजून. तोंड तुंबलेलं होतं म्हणून जोरात पिळली. चष्मा कपाळावर चढवलेला. तू मला नळाखाली धरलंस ते पार गाडी येईपर्यंत. तेवढा वेळ पाणी पडलं म्हणून थोडं तरी वाचलं, असं बाई म्हणतात. नंतर सगळ्यांनी तुलाच विचारलं. पहिल्या दिवशी तू म्हणालास, बांधली होती. चौथ्या दिवशी म्हणालास, विसरलो असेन. दहाव्या दिवशी बॅग उचललीस आणि गेलास. मी पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. थांब म्हटलं नाही.

महिन्याभराने इस्पितळातून आलेल्या पिशवीत माझा एप्रन सापडला. खिशात चिंधी होती, वार्निशने कडक झालेली. तेव्हा आठवलं. त्या सकाळी खुर्चीच्या पायावरून वार्निशचा ओघळ उतरत होता. वाळला असता तर पाय पुन्हा घासावा लागला असता. हाताला आली ती चिंधी मी बाटलीवरून ओढून काढली, ओघळ पुसला आणि खिशात टाकली. परत घालू म्हणालो आणि विसरलो. तू नाही, मी. हे कळूनही सात महिने गप्प राहिलो. डोळ्यात आग होती तोवर कुणावर तरी रागवायला हवं होतं, आणि तू सोयीचा होतास. आता आग नाही, तर लपायलाही जागा नाही. म्हणून हे पत्र. वहिनीला काल सांगितलं. आज संध्याकाळी सुतारासकट सगळ्यांना सांगणार आहे. चिंधी पाकिटात घातली आहे. मी ती सोडली नव्हती, बाटलीच्या मानेवरून नुसती वर सरकवली होती. तुझी दुहेरी गाठ, लहानपणी बुटाला मारायचास तीच, अजून तशीच आहे. तू बांधली होतीस.

तुझाच,
दादा