सरकलेली माशी

अण्णा,

गेल्या आठवड्यात इथं आखातातल्या नेमबाजी क्लबच्या वर्कशॉपमध्ये एक जुनी रायफल आली. कुणाच्या तरी हातून पडून तिच्या नळीचं तोंड चेपलं होतं. नळी तीन इंच कापायची, म्हणजे टोकावरची, नेम धरायची माशीही जाणार, आणि उरलेल्या नळीवर नवी बसवायची. माझ्याबरोबरचा केरळचा फिटर म्हणाला, "भाई, ये आप ही करो. आपका हाथ अच्छा है." जेवायला जातो असं सांगून मी बाहेर पडलो आणि पार्किंगमध्ये गाडीचा एसी लावून अर्धा तास नुसता बसून राहिलो. फहाहील शहराच्या बाजूनं धूळ उठली होती, समोरची इमारतही दिसत नव्हती.

साताऱ्याच्या आपल्या दुकानात तुम्ही मला हेच काम दिलं होतंत. मी वीस वर्षांचा, आयटीआय नुकतंच पास झालेला, स्वतःला फार मोठा कारागीर समजणारा. जिल्ह्याच्या रायफल क्लबची ती रायफल, तोंडाशी गंजानं खाल्लेली. नळी तुम्ही कापलीत, तोंड तुम्ही घासलंत आणि माशी माझ्या हातात ठेवलीत. "नळी आखूड झाली की माशी डोळ्याकडच्या फटीच्या जवळ येते. मग केसाएवढी चूकही तिकडे निशाणावर वीतभर होते. घाई करायची नाही. तेल पार निघालं पाहिजे, मगच कथलाची झाळ, नाहीतर ती धरत नाही." मला मित्रांबरोबर क्रिकेटच्या मॅचला जायचं होतं. मी फडकं फिरवलं आणि झाळून टाकली. वरून काम कसं चकचकीत दिसत होतं. तुम्ही विचारता, "साफ केलीस ना?" मी म्हणतो, "केली." तुम्ही मैदानावर पाच गोळ्या झाडून पाहता. पाचही बरोबर लागतात.

राज्य संघाच्या निवडीच्या दिवशी, निम्म्या गोळ्या झाल्यावर, माशी सरकली. ती रायफल एका अकरावीतल्या मुलीच्या हातात होती. दुसऱ्या दिवशी तिचे वडील दुकानात आले आणि रायफल टेबलावर आपटून म्हणाले, "चार वर्षं घासली पोरीनं. चार वर्षं!" ती दारात उभी होती. रडत नव्हती, म्हणूनच मला तिच्याकडे बघवेना. तुम्ही माशीला अंगठा लावलात, ती हलली. खाली तेलाचा काळा डाग होता. तुम्ही एकदाच माझ्याकडे पाहिलंत आणि त्यांना म्हणालात, "काम माझं आहे. डोळे दगा द्यायला लागलेत."

मी बोलणी खायची वाट पाहत राहिलो. जेवताना, सकाळी, पुढचे कित्येक दिवस. तुम्ही काहीच बोलला नाहीत. क्लबचं काम गेलं, मग बाकीचंही गेलं. दीड वर्षात दुकान बंद झालं आणि दुसऱ्यांच्या बंदुका नीट करणारे तुम्ही साखर कारखान्याच्या गेटवर बंदूक घेऊन उभे राहिलात. आई तुम्हाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. किरकोळ नंबर निघाला. तो चष्मा तुम्ही मरेपर्यंत वापरलात. पेपर वाचताना मात्र कपाळावर सरकवायचात आणि आईची चाहूल लागली की पुन्हा नाकावर घ्यायचात. मी ते पाहत होतो, हे तुम्हालाही ठाऊक होतं.

परवा मी इथल्या रायफलवर नवी माशी बसवली. जागा तीन वेळा धुतली, घासली, पुन्हा धुतली. क्लबचा कोच दोनदा येऊन काम झालं का विचारून गेला, "खलास?" मी दोन्ही वेळा नाही म्हटलं. शेवटी ती पक्की बसली. आनंद असा काही झाला नाही.

काल आईचा फोन आला होता. डोळे दुखतात असं मी सहज बोलून गेलो. ती लगेच म्हणाली, "आधी चष्मा कर. तुझ्या अण्णांनी डोळ्यांकडे दुर्लक्ष केलं आणि दुकान गेलं." मी म्हटलं, "करतो."

अण्णा, हे पत्र तुम्हाला नाही, आईला लिहायला हवं होतं. पहिल्या ओळीपासून मला ते माहीत होतं.