मनीषाचं इंग्रजी आणि माझं बोट

२ जून, सकाळी
आजपासून रोजनिशी. मी सांगायचं, नात स्नेहानं लिहायचं. लिहायचं, पण वाचायचं नाही, अशी अट घातलीय. हसली.
स्नेहा बाहेरच्या खोलीत इंग्रजीची ट्यूशन घेते. दोन वर्षं मी तिथंच मेथी निवडते. सगळं इंग्रजी कानानं पाठ झालंय. अख्ख्या इंदिरानगरात असा कान नसेल. अक्षरं तेवढी राहिली. किरकोळ गोष्ट.

४ जून
समोरची मनीषा आली. शाळेत झाडू मारते. तिथंच ऑफिसात जागा निघालीय, चौदा तारखेला इंग्रजीची परीक्षा. पास झाली तर झाडू सुटेल. 'ए', 'द', 'धिस', 'दॅट' कुठं काय लावायचं, तिथंच अडते म्हणाली. स्नेहाकडं पाचवीच्या पोरांत बसायची लाज वाटते. म्हटलं, मी आहे ना. स्नेहा उगाच खोकली.

६ जून
शिकवणी फर्स्टक्लास. स्वयंपाकघरातच. हाताजवळची पळी, धिस. फळीवरची, दॅट. कुठलीही चालेल, तर ए. नुसतं 'पळी दे' म्हटल्यावर सुनेला बरोबर कळते, ती द. बोट वर, धिस-दॅट. बोट खाली, द. मनीषा म्हणाली, आजी, शाळेत असं कुणी सांगितलंच नाही. कसं सांगतील!

१० जून
खाली बाकावर शेजारच्या लताबाईंना सांगून टाकलं, पोरगी माझ्या हाताखाली आहे. त्या म्हणाल्या, तुम्ही कितवी शिकलात? म्हटलं, आमच्या काळी कोण मोजत होतं.
उद्यापासून रोज दोन तास.

११ जून
गुडघा दुखला. सुट्टी.

१२ जून
मनीषा पुस्तक घेऊन आली. यातलं करून घ्या म्हणाली. पुस्तकाची सवय लागली की डोकं चालत नाही, असं समजावलं. पटलं तिला. स्नेहा म्हणे, मी घेते करून. म्हटलं, माझ्या शिकवणीत लुडबूड नको.

१४ जून, संध्याकाळी
परीक्षा लेखी निघाली. मनीषा म्हणाली, आजी, कागदावर बोट कुठं दाखवू? पेपर तिथंच तपासून हातात दिला, वीसपैकी चार. जागा गेली.
म्हटलं, पेपरच वाकडा काढला. तिनं तो पुढं धरला. कुठं चुकलं दाखवा म्हणाली. मी बघत राहिले. नुसती अक्षरं. तिला कळलं.
लिही स्नेहा, हेही लिही.

१६ जून
दोन दिवस चहा गोड लागेना. मनीषाची माफी मागायची, ठरलं. संध्याकाळी बाकावर गेले, तर लताबाई सगळ्यांदेखत तिलाच विचारत होत्या, काय गं, आजींची शिकवणी कमी पडली का? मनीषा माझ्याकडं न बघता म्हणाली, आजींनी चांगलं शिकवलं, मीच अभ्यास केला नाही.
मी तोंड उघडलं. सगळ्या माझ्याकडं बघत होत्या.
म्हटलं, हो ना. पोरगी जरा आळशीच आहे.