कागदबाईची सतरा कार्डं

४ जून, सोमवार

पुस्तिकेचं काम माझ्याकडे आलं. शाळांतल्या चित्रकला शिक्षकांसाठी चाळीस धडे. साहित्य कमी, वर्ग साठ मुलांचा, तास पस्तीस मिनिटांचा — अशा ठिकाणी चालतील असेच हवेत. समितीला मुख्याध्यापकांनी माझं नाव सुचवलं. म्हणाले, बाई, निवृत्तीला सहा महिने उरलेत, जाताना काहीतरी मागे ठेवून जा. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी कौतुक केलं. शिवणाच्या बाईंनी तर मिठीच मारली.

मग चित्रकलेच्या खोलीत जाऊन कपाट उघडलं. वर ब्रश, मध्ये रंगांचे डबे, खालच्या खणात ते बुटाचं खोकं. बघितलं आणि कपाट परत लावून टाकलं.

५ जून

खोकं उघडलं. सतरा कार्डं. समितीला हवेत तसेच धडे, अगदी तंतोतंत. त्यातला एकही माझा नाही.

९ जून, शनिवार

लिहूनच टाकते. इथे कोण वाचतंय!

पंधरा वर्षांपूर्वी हस्तकलेला एक शिक्षिका आली होती. कंत्राटी. अठ्ठावीस वर्षांची, केसांत कायम कागदाचे कपटे. मुलं तिला कागदबाई म्हणायची आणि ती ‘ओ’ द्यायची. कात्र्या आठच होत्या, म्हणून तिने कात्री न लागणारे धडे काढले. कागद नखाने फाडून प्राणी करायचे. पिशवीत हात घालून वस्तू चाचपायची आणि न बघताच तिचं चित्र काढायचं. भिंतीवर, जिन्यावर, बाकांवर कागद धरून वर मेणखडू घासायचा, की खालच्या खडबडीचा छाप उमटतो. त्या कार्डावर तिने लिहिलंय — ‘शाळेची कातडी उतरवा.’ प्रत्येक धड्याचं एक कार्ड. पुढे कृती, मागे मुलं कुठे अडली त्याची टिपणं.

माझ्या तासाला मुलं फुलदाणी काढायची. छान काढायची. तरी घंटा झाली की तिच्या खोलीकडे पळायची. एकदा तपासणीला साहेब आले, माझ्या वर्गात पाच मिनिटं थांबले आणि तिच्या वर्गात पाऊण तास. चक्क जमिनीवर बसून बेडूक फाडला त्यांनी.

माझ्या पोटात दुखायला लागलं. दुसरं काही नाही, सरळ मत्सर.

वर्षअखेर विभागप्रमुख म्हणून तिच्याविषयी अहवाल मला द्यायचा होता. तीन ओळी लिहिल्या. वर्गात शिस्त नाही. साहित्याची नासाडी होते. यांच्या पद्धतीने मुलं परीक्षेसाठी तयार होत नाहीत. मुख्याध्यापक तेव्हाचे वेगळे होते, त्यांनी वाचलं, मान हलवली, संपलं. तिचं कंत्राट पुढे वाढलं नाही. कारण तिला कोणी सांगितलं नाही. जाताना ती माझ्याकडे येऊन म्हणाली होती, बाई, तुमच्याकडून खूप शिकले.

खोकं तिच्या कपाटात राहिलं. पोचवते म्हणाले होते. पोचवलं नाही. दुसऱ्या वर्षी एका कंटाळवाण्या दुपारी त्यातलं एक कार्ड वर्गात करून बघितलं. मग दुसरं. चौदा वर्षं माझ्या वर्गाचं नाव होतंय ते त्या खोक्यावर. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा असा — चष्मा लावलेला, हजेरी घेणारा.

१० जून

सहा धडे माझ्या भाषेत लिहून काढले. चांगले झाले. मग सगळे फाडले.

१४ जून

यांना सांगितलं. पेपर बाजूला ठेवून नीट ऐकलं. म्हणाले, इतक्या वर्षांनी राख कशाला उकरतेस, तिचं तिकडे बरं चाललं असेल. मी म्हटलं, नसलं तर? ते उठले. चहा त्यांनी केला.

ग्रंथपालबाईंकडून कळलं, ती मंडईमागच्या फ्रेमच्या दुकानात काम करते. माझ्या घरापासून चालत वीस मिनिटं!

१६ जून, शनिवार

गेले. निमित्त म्हणून माझंच एक जुनं जलरंगाचं चित्र घेतलं.

अरुंद दुकान. भिंतीला लाकडी पट्ट्यांचे नमुने टांगलेले, काचेचा आणि सरसाचा वास. ती मागच्या टेबलावर चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट कापत होती. केस पिकलेत. मला बघताच उठली, ओढणीला हात पुसले, स्टूल पुढे केलं. शाळेचं विचारलं, शिपाईमामांचं विचारलं, खिडकीतून दिसायचं ते झाड आहे का विचारलं. मी विचारलं, परत कुठे शिकवलंस का? म्हणाली, छे, तो माझा प्रांत नव्हता. आणि हसली.

चित्राला फिकट राखाडी चौकट निवडून दिली. तीच बरोबर होती.

जीभ रेटली नाही. पावती घेऊन घरी आले.

१७ जून

भेकड.

२३ जून, शनिवार

सांगितलं.

फ्रेम तयार होती. मालक जेवायला गेलेला, दुकानात आम्ही दोघीच. घरून वाक्यं जुळवून नेली होती, त्यातलं एकही आठवलं नाही. म्हटलं, तुझं कंत्राट माझ्यामुळे गेलं. अहवाल मी लिहिला होता. खोटा. ती पट्टीवर सुरी टेकवून होती, तशीच थांबली.

“काय लिहिलं होतंत?”

मी म्हटलं, ते जाऊ दे आता.

“नाही. शब्द सांगा.”

तीनही ओळी तोंडपाठ आहेत मला. म्हणून दाखवल्या, वर्गात उभं केलेल्या पोरीसारखं. तिने पुठ्ठ्याची उरलेली कड शेवटपर्यंत कापली, सुरी मिटली, बाजूला ठेवली. मग माझ्याकडे न बघता बोलली.

“मला वाटलं, मला शिकवताच येत नाही. दोन शाळांतून बोलावणं आलं होतं. गेले नाही. मुलांसमोर उभं राहायची भीती बसली. चौदा वर्षं, बाई.”

नोकरी घालवली एवढंच मी धरून बसले होते. तेवढंच मोजत होते. हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

कार्डांचंही सांगितलं. मी ती वापरते, त्यांच्यावर नाव कमावलं, आता पुस्तिकेत जाणार आहेत, पहिल्या पानावर तुझं नाव घालते. तेव्हा कुठे तिने वर बघितलं. राग असता तर बरं वाटलं असतं.

“नाव नको. कार्डं परत द्या.”

क्षमा मागितली का मी? आठवून बघतेय. तो शब्द तोंडातून निघालाच नाही बहुतेक. फ्रेम तिने स्वतः कागदात गुंडाळून दिली, दोरीला धरायला आकडा करून दिला.

२५ जून, सोमवार

शाळेत जायच्या आधी खोकं दुकानात पोचवलं. ती नव्हती. मालकाकडे दिलं. वर चिठ्ठी — ‘मला क्षमा कर. सतराही आहेत. नवव्या कार्डावर शाई सांडलीय, ती माझी.’

२ जुलै

समितीला कळवलं, चाळीस होणार नाहीत, माझे स्वतःचे आहेत तेवढेच देईन. मुख्याध्यापक वैतागले. वर्गात तर इतके छान धडे घेता, तेच लिहा ना! त्यांनाही सांगून टाकलं — अहवाल, खोकं, सगळं. बराच वेळ पेनचं टोपण काढत-घालत बसले. मग म्हणाले, हे मला कळायला नको होतं. पण आता कळलंय. तो जुना अहवाल फायलीत असेल, त्याला जोडून खरं काय ते लिहून द्या, सही करा.

लिहून दिलं. तीन ओळींना दोन पानं लागली.

३ जुलै

घरी मन लागेना. यांनी नवी फ्रेम भिंतीवर लावली. म्हणाले, चित्रापेक्षा चौकटच चांगली आहे. त्यांना चिडवायचं होतं. मला ते खरंच वाटलं.

९ जुलै

माझे स्वतःचे धडे: अकरा. त्यात फुलदाण्या चार.

१३ जुलै, शुक्रवार

सातवी ‘ब’ मधली एक मुलगी विचारत होती, बाई, पिशवीतला खेळ बंद का केला? म्हटलं, तो माझा नव्हता, ज्यांचा होता त्यांना परत दिला. तिला नवल वाटलं. म्हणाली, पण खेळ परत देता येतो का? आम्हाला तर येतो आता.

फळ्यावर तारीख घातली.

समितीला अकरा पाठवले. तिकडून दोन ओळींचं पत्र — अपेक्षा वेगळी होती, काम दुसऱ्या कोणाकडे देऊ. बरोबरच आहे.

दुकानावरून दोनदा गेले. आत गेले नाही. एकदा ती काचेतून दिसली, खाली मान घालून काम करत होती.

१९ जुलै, गुरुवार

माझ्या जागेसाठी चार अर्ज आलेत. मुख्याध्यापकांनी काही न बोलता ते माझ्यापुढे ठेवले. तिसरा तिचा. आधीच्या कामाविषयी कोणाकडे चौकशी करावी, या रकान्यात तिने एकच नाव लिहिलंय. माझं.